‘पर्यावरणपूरक’ लिहिण्याआधी

अगं, प्रेसनोटमध्ये ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द टाकण्याआधी कारखान्यात फोन लाव आणि विचार, नेमकं काय पूरक आहे? बाटली, झाकण की नुसतं लेबल? ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय चालत नाहीत. पण कायदा राहू दे बाजूला. एका क्लायंटच्या वृक्षारोपणाचे फोटो मी पेपरात छापून आणले होते. पुढच्या मे महिन्यात तिथे गेले, तर पाटी जागेवर आणि रोपांच्या नुसत्या काटक्या. ती बातमी माझ्या हातची होती, अजून सलते. क्लायंट चिडला तर चिडू दे, कागद हातात आल्याशिवाय मजकूर पाठवू नकोस. आणि आकडा मागशील तो जगलेल्या रोपांचा, लावलेल्यांचा नको.