पार्कचा मालक बदलला, आता सीझन पासचं काय?

नमस्कार दादा,

तुमचा मेल दोनदा वाचला. बाकीच्या वाचणाऱ्यांना डोकंशेपूट कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. दादा, वहिनी आणि दोन मुली अमेरिकेत राहतात, गेल्या सप्टेंबरात त्यांनी जवळच्या अम्युझमेंट पार्कचे चार सीझन पास काढले, पैसे दर महिन्याला हप्त्याने क्रेडिट कार्डातून जातायत. पास काढले ते दोन गोष्टी बघून, एक म्हणजे त्याच कंपनीच्या बाकी सगळ्या पार्कांत हा पास चालणार असं पासच्या पानावर लिहिलं होतं, आणि दुसरं म्हणजे पुढच्या सीझनला नवीन रोलर कोस्टर येतोय अशी मोठी जाहिरात होती (धाकटीची उंची नेमकी यंदा त्यात बसण्याइतकी झालीये, हे वाचून हसूही आलं आणि वाईटही वाटलं). फेब्रुवारीत पार्क दुसऱ्या कंपनीने घेतलं. त्यांचा मेल आला की पास फक्त याच पार्कात चालेल, कोस्टर पुढे ढकललाय, आणि नवीन ॲप टाकून पास त्यात ट्रान्सफर करून घ्या. रिफंड मागितला तर म्हणे नॉन-रिफंडेबल. जुन्या कंपनीला फोन केला तर ते म्हणतात पार्क आता आमचं नाही, त्यांना विचारा. आणि दादांचा प्रश्न एका ओळीचा: हप्ते बंद करू का?

नका करू. निदान असे गुपचूप तर नकाच. आणि ते ट्रान्सफरचं बटणही अजून दाबू नका.

पहिली गोष्ट, 'पार्क विकलं' हे तीन अगदी वेगळ्या व्यवहारांना म्हणतात आणि तुमचं सगळं प्रकरण त्यातला कुठला व्यवहार झाला यावर फिरतं. कंपनीचे शेअर विकले गेले असतील तर ज्या कंपनीने तुम्हाला पास विकला ती जागच्या जागी आहे, फक्त तिचा मालक बदलला, म्हणजे तिने दिलेला शब्द तिच्याच गळ्यात. दोन कंपन्या एकत्र झाल्या असतील तर जी कंपनी उरते तिच्याकडे आधीच्या दोघींची देणी कायद्यानेच येतात, जशा सीडर फेअर आणि सिक्स फ्लॅग्स 1 जुलै 2024 ला एकत्र झाल्या आणि 27 अम्युझमेंट पार्क आणि 15 वॉटर पार्क एका छत्राखाली आले, तिथे 'तो पास आमच्या आधीच्या कंपनीचा होता' हे बोलायची सोयच राहत नाही. तिसरा प्रकार म्हणजे नुसती मालमत्ता विकणं, झोपाळे, राइड्स, नाव, कधी जमीन, आणि करारांपैकी खरेदीदाराने निवडलेले तेवढेच. तुमच्याकडे एकच पार्क विकलं गेलंय आणि बाकीची पार्कं जुन्या कंपनीकडेच आहेत, त्यामुळे बहुतेक हाच प्रकार असणार. (चौथा एक गोंधळ होतो तो जमिनीचा. कॅलिफोर्नियातल्या ग्रेट अमेरिका पार्कची जमीन 2022 मध्ये एका गोदामवाल्या कंपनीने घेतली तेव्हा लोकांना वाटलं पार्क विकलं, पण चालवणारी कंपनी तीच राहिली, भाडेकरू म्हणून. तिथे पासला काहीच होत नाही.)

मालमत्तेच्या विक्रीत सर्वसाधारण नियम खरेदीदाराच्या बाजूचा आहे, जुनी देणी त्याच्यावर येत नाहीत. पण त्याला अपवाद आहेत: त्याने ती देणी स्पष्टपणे किंवा वागण्यातून स्वतःवर घेतली असतील, व्यवहार नावाला विक्री आणि प्रत्यक्षात विलीनीकरण असेल, नवीन कंपनी म्हणजे जुनीच नवी पाटी लावून बसली असेल, किंवा देणी बुडवायलाच सगळा खटाटोप केला असेल. तुमच्या कामाचा आहे तो पहिला अपवाद, आणि त्यातलं 'वागण्यातून' हे सगळ्यात जास्त.

आता तुमचं मार्चचं कार्ड स्टेटमेंट काढा आणि हप्ता कुणाच्या नावाने कापला गेलाय ते बघा. नवीन कंपनीच्या नावाने असेल तर तो कागद जपून ठेवा, कारण जुन्या करारातले पैसे मात्र मी घेणार आणि जुन्या करारातली आश्वासनं माझी नाहीत असं एकाच तोंडाने बोलणं कुठल्याही जजसमोर अवघड जातं. आणि जुन्याच कंपनीच्या नावाने कापला जात असेल तर प्रश्न अजून सोपा, पार्क आता तुमचं नाही म्हणता तर पैसे कशाचे घेताय? हप्ते आजच बंद केलेत तर हा पुरावाच तयार होणार नाही, वर 'कराराचा भंग आधी ग्राहकाने केला' असं म्हणायला त्यांना आयतं कारण मिळेल, पास रद्द होतील आणि उरलेली रक्कम वसुलीवाल्यांकडे जाईल ते वेगळंच.

अजून एक सांगते, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. सप्टेंबरात घेतलेले पासचे पैसे पार्कच्या हिशोबात लगेच कमाई म्हणून धरत नाहीत, सेवा अजून द्यायचीये म्हणून ते देणं म्हणून दाखवतात. त्यामुळे पार्क विकत घेणाऱ्याच्या वकिलांसमोर हा आकडा येतोच आणि किंमत ठरवताना त्यावर घासाघीस होते. तेव्हा 'आम्हाला या पासांबद्दल कल्पना नव्हती' असं कुणी कस्टमर केअरवाला म्हणाला तर मान डोलावून फोन ठेवा, त्याला कल्पना नसेल, त्याच्या कंपनीला होती. दोघांपैकी एखादी कंपनी शेअर बाजारात असेल तर मोठा व्यवहार पूर्ण झाल्यावर चार कामाच्या दिवसांत सेक, म्हणजे तिथलं सेबी, यांच्याकडे 8-के नावाचा फॉर्म भरावा लागतो, तो फुकट बघता येतो आणि कधीकधी विक्रीचा करारच त्याला जोडलेला असतो. त्यात खरेदीदाराने कुठली देणी घेतली ते कलम शोधा, सीझन पास हे शब्द तिथे सापडले तर निम्मं काम झालं.

आता तुमच्या दोन तक्रारी. तुम्ही दोन्ही एकाच दमात लिहिल्यात पण त्या एका मापाच्या नाहीत, स्पष्टच सांगते, कोस्टरची तक्रार कच्ची आहे. जवळजवळ प्रत्येक पासच्या अटींत राइड्स आणि वेळापत्रक न कळवता बदलू शकतं असं वाक्य असतं, आणि कोर्टं ते बहुतेक वेळा मान्य करतात, कारण राइड बंद राहणं हे या धंद्यात रोजचं आहे. सीडर पॉइंट पार्कात टॉप थ्रिल 2 हा कोस्टर मोठ्या गाजावाजाने मे 2024 मध्ये उघडला आणि आठवड्याभरात बंद पडला तो अख्खा सीझन, गाड्यांत दुरुस्ती करायची म्हणून. सिक्स फ्लॅग्स ग्रेट ॲडव्हेंचर पार्कचा किंगडा का, 456 फुटी, तेव्हा जगातला सगळ्यात उंच कोस्टर, नोव्हेंबर 2024 मध्ये त्याच्या शेवटच्या फेऱ्या होऊन गेल्यावर लोकांना कळलं की त्या शेवटच्या होत्या, आणि फेब्रुवारी 2025 ला तो स्फोट करून पाडला. पासवाल्यांना याचं दुःख झालं, पण दुःख म्हणजे करारभंग नाही. कोस्टरची तक्रार पक्की कधी होते, तर सप्टेंबरात तुम्हाला पास विकताना तो यंदा येणार नाही हे कंपनीला आतून माहीत होतं असं दिसलं तर. मग तो फसव्या जाहिरातीचा विषय होतो आणि प्रत्येक राज्यात त्यासाठी ग्राहक संरक्षणाचा कायदा आहे. म्हणून जाहिरातीचे स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा, पण सगळा जोर त्यावर लावू नका.

बाकीच्या पार्कांत प्रवेशाची तक्रार मात्र पक्की आहे. ती जाहिरातीतली फुशारकी नव्हे, पासच्या पानावर लिहिलेली, मोजता येणारी गोष्ट आहे, आणि तुम्ही एकपार्की पास न घेता महागातला पास घेतला तो त्याच्याचसाठी. या दोन पासांच्या किमतीतला फरक ही तुमची नुकसानभरपाई, इतकी सरळ. पूर्ण रिफंड मागाल आणि उन्हाळाभर पार्कातही जाल तर ते चालणार नाही, एक तर पूर्ण रिफंड घेऊन पास परत करा नाहीतर पास वापरा आणि फरक मागा. मी तुमच्या जागी असते तर फरक मागितला असता, मुलींना पार्क आवडतं असं तुम्हीच लिहिलंय.

आणि आता ते बटण. नवीन ॲपमध्ये पास ट्रान्सफर करताना 'मला अटी मान्य आहेत' वर टिचकी मारावी लागते, आणि त्या नव्या अटींत बहुधा असं असतं की आधीच्या कराराच्या जागी हा करार, पास एकाच पार्कात वैध, आणि वाद झाला तर कोर्टात न जाता लवाद. म्हणजे जे जुन्या अटींनी तुम्हाला मिळत होतं ते तुम्ही स्वतःच्या अंगठ्याने सोडून देता. तुम्ही लिहिलंय की वहिनींनी त्यांचा एक पास आधीच ट्रान्सफर केलाय, हरकत नाही, त्याचा वेगळा विचार करू. उरलेल्या तिघांसाठी आधी नव्या कंपनीला मेल टाका की सप्टेंबरच्या करारातले आमचे हक्क राखून, केवळ गेटवर प्रवेश मिळावा म्हणून आम्ही ॲप वापरतोय, नव्या अटींनी जुना करार बदलायला आमची संमती नाही. याने अभेद्य कवच मिळतं असं नाही पण मुकाट्याने दाबण्यापेक्षा शंभरपट बरं. नव्या अटींत लवादातून बाहेर पडायची मुदत असेल, बऱ्याच ठिकाणी 30 दिवस असते, तर ते पत्र वहिनींच्या पासासाठी आधी पाठवा, त्यांचे दिवस सुरू झालेत. सामूहिक दाव्याच्या भरवशावर राहू नका, 2011 च्या कन्सेप्शन निकालापासून लवादाच्या कलमातली सामूहिक दावा न करण्याची अट सुप्रीम कोर्टाने टिकवून धरलीये. मात्र अशा बहुतेक कलमांत स्मॉल क्लेम्स कोर्टाची, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांच्या कोर्टाची, वाट उघडी ठेवलेली असते आणि तुमची रक्कम तिथे सहज बसते (केंटकीत मर्यादा 2,500 डॉलर आहे, टेक्सासात 20,000, तुमचं राज्य मधे कुठेतरी). तिथे वकील लागत नाही, म्हणजे माझीही फी वाचली.

हप्त्यांचा कायदेशीर मार्ग असा. फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्ट म्हणून 1974 चा कायदा आहे, ठरल्याप्रमाणे सेवा मिळाली नाही हा त्यात बिलिंगमधला दोष धरतात. ज्या स्टेटमेंटवर तो चार्ज पहिल्यांदा दिसला ते पाठवल्यापासून 60 दिवसांत कार्ड कंपनीला लेखी कळवायचं, फोनवर नाही, आणि बिल भरायच्या पत्त्यावरही नाही, बिलाच्या चौकशीसाठी वेगळा पत्ता दिलेला असतो त्यावर. त्यांनी 30 दिवसांत पोच द्यायची आणि दोन बिलिंग सायकलमध्ये, जास्तीत जास्त 90 दिवसांत, निकाल लावायचा. तोवर वादातली रक्कम तुम्ही अडवून ठेवू शकता आणि ती थकबाकी म्हणून क्रेडिट रिपोर्टला लावता येत नाही. हप्ते थांबवायचेच असतील तर असे थांबवा. सप्टेंबर ते जानेवारीच्या हप्त्यांबद्दल भांडू नका, तेव्हा पास ठरल्याप्रमाणेच होता, मालक बदलल्यानंतरचे घ्या, आणि त्यातलाही फरकाएवढाच भाग. डेबिट कार्ड असतं तर हा कायदा लागला नसता. आणि एक धोका आधीच सांगून ठेवते, कार्डावर वाद घातला की काही पार्कं तो पासच गोठवतात, म्हणून आधी दोन्ही कंपन्यांना पत्र, उत्तराला 30 दिवस, आणि मग कार्ड. फक्त ते 30 दिवस या 60 च्या पोटातच संपतील असं बघा. काही राज्यांत, उदाहरणार्थ मॅसॅच्युसेट्समध्ये, ग्राहक कायद्याखाली दावा करायला असं 30 दिवसांचं पत्र लागतंच.

तुम्ही शेवटी घाबरून विचारलंय की नवीन कंपनीच बुडाली तर. होऊ शकतं, हार्ड रॉक पार्क 2008 च्या वसंतात उघडलं आणि त्याच सप्टेंबरात दिवाळखोरीत गेलं. पण दिवाळखोरी म्हणजे गेट बंद असंही नाही, सिक्स फ्लॅग्स 2009 मध्ये त्यातून गेली तेव्हा पार्कं चालूच होती. तशी वेळ आलीच तर ग्राहकाने आगाऊ भरलेल्या पैशाला दिवाळखोरी कायद्यात थोडा वरचा नंबर आहे, एप्रिल 2025 नंतरच्या प्रकरणांत माणशी 3,800 डॉलरपर्यंत, फक्त क्लेमचा फॉर्म मुदतीत भरायला हवा.

पत्राचा मसुदा तुम्हीच करा, साधा, एका पानाचा, त्यात राग नको, तारखा हव्यात, दोन पासांच्या किमतीतला फरक आणि 'कृपया कळवा' एवढं पुरे. मला पाठवा, मी नजर टाकते. आणि हो, तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये खाली बारीक अक्षरात ऑटो-रिन्यू चालू दिसतंय, ते आज रात्री बंद करून टाका, बंद केल्याच्या पानाचाही फोटो काढा.