रिकामं ताट

"ताई, यंदा मला देवाचे आभारच मानता येत नाहीत. माझा विश्वास संपला का हो?"

नाताळच्या तोंडावर हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतंच. त्यातल्याच एका बाईंची ही गोष्ट, त्यांना विचारून आणि तपशील बदलून लिहितेय.

पन्नाशीच्या, नगरकडच्या. ऑगस्टमध्ये यजमान गेले. एरवी दर नाताळला वीस-बावीस घरी फराळाची ताटं पोचवणाऱ्या बाईंनी यंदा करंजीचा साचासुद्धा फळीवरून काढला नव्हता. पण खरी धास्ती होती ती 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेची. त्यांच्या चर्चच्या मंडळीत तेव्हा एकेक जण उठून वर्षभराच्या उपकारांची साक्ष देतो. "मी उठून काय सांगू? खोटं बोलू?"

भेटायला येणारे त्यांना बायबलमधलं प्रेषित पौलाचं वचन ऐकवून जात होते, 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा.' ताज्या दुःखावर असं वचन ठेवून उठून जाणं मला निर्दयपणाचं वाटतं. त्याच पौलाने रोमकरांस पत्रात शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा असंही लिहिलंय, ते कुणी त्यांच्याजवळ बसून केलं नव्हतं.

आम्ही बायबलमधलं रूथचं पुस्तक उघडलं. नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून नामी बेथलेहेमात परतते आणि गावातल्या बायांना सांगते, मला 'नामी' म्हणू नका, 'मारा' म्हणजे 'कडू' म्हणा, देवाने माझं आयुष्य कडू केलंय. यावर तिला कुणी दटावल्याचं त्या पुस्तकात कुठेही नाही. पुढे घरात येतं ते तिच्या सुनेने, रूथने, शेतात वेचून आणलेलं सातू. मग 88 वं स्तोत्र वाचलं. ते अंधारातच संपतं, तरी पवित्र शास्त्रात आहे. बाई बराच वेळ रडल्या. त्या दिवशी मी आणखी काही बोलले नाही.

पुढच्या खेपेला बोलता बोलता निघालं, की दिवाळीत शेजारणीने फराळ आणून दिला होता. तिचं ताट अजून यांच्याकडेच. "रिकामं कसं देऊ?" आयुष्यभर देणाऱ्या माणसाला घेणं किती जड जातं, हे मी फार पाहिलंय. म्हटलं, मूठभर साखर घाला आणि देऊन या. आणि तुमच्या चर्चच्या पाळकांना आधीच सांगून ठेवा, यंदा मला उठवू नका.

त्या ताट द्यायला गेल्या. शेजारीण म्हणाली, तुमचे यजमान, आमचे दादा, रोज सकाळी आमच्या तुळशीलाही पाणी घालायचे. बाईंना हे ठाऊकच नव्हतं! दोघी तासभर दारातच बसल्या.

31 तारखेला त्या शेवटच्या बाकावर बसून राहिल्या, उठल्या नाहीत. जानेवारीत आल्या तेव्हा सांगत होत्या, "रात्री प्रार्थनेत शेजारणीचं नाव घेते. बाकीचं अजून जमत नाही."

"तेवढंच घ्या," मी म्हटलं.