तंत्रज्ञ नेमण्याचे काम एआय एजंटकडे देताना टूलची रचना कशी असावी

तुमची अडचण मला अशी समजली: नागपुरात एसी, फ्रिज आणि कूलर दुरुस्तीची सेवा देणाऱ्या तुमच्या व्यवसायात एआय एजंट तक्रारी वाचून तंत्रज्ञ नेमतो, पण कधी एकाच माणसावर एकाच वेळेची दोन कामे लावतो, कधी हिंगण्याच्या कामाला कामठीकडचा माणूस धाडतो, आणि प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एजंटला लिहून दिलेल्या मजकुरात, सूचना वाढवूनही हे थांबत नाही. माझ्या मते प्रॉम्प्टवर आणखी वेळ घालवू नये. दोष टूलच्या, म्हणजे नेमणुकीसाठी एजंट जो कोड चालवायला सांगतो त्याच्या, रचनेत आहे.

एजंटमागचे भाषा-मॉडेल स्वतः कोणालाच नेमत नसते. अमुक टूल अमुक मूल्ये देऊन चालवावे, एवढी मागणी ते लिहून देते आणि ती अमलात आणतो तुमचा कोड. चुकीची नेमणूक डेटाबेसात पोहोचते, कारण कोडने तिला वाट दिलेली असते. तुमच्या टूलला तिकीट (तक्रारीची नोंद) क्रमांक आणि तंत्रज्ञाचे नाव एवढेच लागते, असे तुम्ही लिहिले आहे. दोन राहुल कामावर असतील तर त्यातला कोणता, हे नावावरून ठरवणार कसे? नावाऐवजी ओळख क्रमांक घ्या, आणि काम दोन टूलमध्ये विभागा. पहिल्या टूलने तिकिटाचा भाग, लागणारे कौशल्य आणि वेळ पाहून पात्र आणि मोकळ्या तंत्रज्ञांची छोटी यादी द्यावी. दुसऱ्याने त्या यादीतलाच क्रमांक स्वीकारावा आणि नोंद करण्यापूर्वी सर्व अटी पुन्हा तपासाव्यात.

ही फेरतपासणी अनावश्यक वाटेल, पण एकाच वेळेची दोन कामे लागतात ती नेमकी इथे. यादी मागणे आणि नेमणूक करणे यांत काही सेकंद जातात. तेवढ्यात दुसऱ्या तिकिटावर काम करणारा एजंट तोच माणूस घेऊन मोकळा होतो. तुम्ही पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरता, तेव्हा तंत्रज्ञाचा क्रमांक आणि कामाचा कालावधी यांवर एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट, म्हणजे एकमेकांवर येणाऱ्या नोंदी रोखणारी अट, लावा (त्यासाठी बीट्री-जिस्ट हे एक्स्टेन्शन लागते). मग एकाच व्यक्तीचे दोन कालावधी एकमेकांवर आले, की दुसरी नोंद डेटाबेसच नाकारतो, मग मागणी एजंटची असो वा माणसाची. प्रवासाचा वेळ त्याच कालावधीत धरा. वेळ मात्र नेहमी टाइमझोनसह मागा. ‘सकाळी ११’ हे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून साठवले गेले, तर आपल्याकडे ती वेळ दुपारी साडेचारची होते आणि ग्राहक दिवसभर वाट पाहत बसतो.

नेमणूक नाकारली गेल्यावर मॉडेलकडे काय परत जाते, याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. नुसते ‘एरर ४००’ (मागणी चुकीची, एवढेच सांगणारा संकेत) मिळाले, तर मॉडेल तीच मागणी पुन्हा करते किंवा अंदाजाने दुसरा क्रमांक टाकते. त्याऐवजी ‘टी-०७ हे ११ ते १ या वेळेत दुसऱ्या कामावर आहेत, या वेळेत टी-१२ आणि टी-१९ मोकळे आहेत’ असे पूर्ण वाक्य द्या, म्हणजे पुढची मागणी बहुधा योग्य येते. टाइमआउटमुळे, म्हणजे उत्तर वेळेत न मिळाल्याने, तीच मागणी दोनदा आली, तर नवी नोंद न करता आधीचीच परत द्यावी. नाहीतर ग्राहकाला दोन एसएमएस जातात.

मॉडेलचा खरा उपयोग तक्रार समजून घेण्यात आहे. ‘एसी सुरू होतो, हवा येते पण गार नाही, बाहेरचं युनिट नुसतं घुमते’ हे वाचून कपॅसिटर किंवा कॉम्प्रेसरची शंका घेणे आणि त्याप्रमाणे कौशल्य निवडणे त्याला चांगले जमते. कौशल्यांची यादी मात्र ठरावीक ठेवा आणि यंत्रातल्या थंड करणाऱ्या गॅसनुसार वेगळी करा. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, तर आर-२९० म्हणजे प्रोपेन, अतिज्वलनशील. दोन्हींसाठी ‘एसी तंत्रज्ञ’ एवढा एकच शिक्का धोक्याचा आहे. तातडी ठरवण्याचे काम मात्र मॉडेलला देऊ नका, कारण तक्रारीत ‘सर्वांत आधी माझ्याकडे पाठवा’ असे लिहिणाऱ्याच्या शब्दांचा त्याच्यावर परिणाम होतो.

अंतराबाबत एक स्थानिक गोष्ट. सरळ रेषेतले किलोमीटर नागपुरात फसवे ठरतात, कारण रेल्वेमार्गांनी शहराचे भाग पाडले आहेत. मनीषनगर आणि वर्धा रोड नकाशावर शेजारी दिसतात, पण मध्ये रूळ आहेत. रस्त्याने लागणारा वेळच वापरा.

यादीचा क्रमही कोडनेच लावावा. मॉडेलचा कल पुष्कळदा वरच्या नावाकडे असतो. यादी नेहमी क्रमांकानुसार आली, तर टी-०१ थकतो आणि टी-१९ ला काम मिळत नाही, आणि कामामागे पैसे मिळत असतील तर हा थेट अन्याय आहे. म्हणून आज ज्याच्याकडे कमी कामे, तो वर. नवतपात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, दुपारी १२ ते ४ गच्चीवरचे काम कोणालाही लागू नये, ही अटही टूलमध्येच घाला. तिचे पालन मॉडेलच्या मर्जीवर सोडणे मला मान्य नाही.

सुरुवातीला एजंटने केवळ नाव सुचवावे आणि कामे वाटणाऱ्या ताईंनी मंजुरी द्यावी. त्यांनी सूचना फेटाळली, तर कारण एका ओळीत लिहून घ्या. तेच कारण वारंवार येऊ लागले, की त्याची अट करून पहिल्या टूलच्या गाळणीत घाला. आणि आर-३२, आर-२९० अशा ज्वलनशील गॅसच्या व उंचावरच्या कामांची मंजुरी पुढेही माणसाकडेच ठेवा.