पोर्तुगीजमधले ‘-आँउ’ आणि ‘-ईन्यु’: कशाला लावायचे, कुठे फसतात

प्रश्न असा की ‘मुल्येर’ (स्त्री) स्त्रीलिंगी, मग ‘मुल्येराँउ’ (रुबाबदार बाई) पुल्लिंगी कसा? आणि असे शब्द आपले आपण घडवता येतात का? येतात, ब्राझीलमध्ये लोक सर्रास घडवतात. फक्त प्रत्यय कशाला लागतोय ते आधी बघा.

‘-आँउ’ नामाला लागला की वस्तू मोठी होते आणि बहुधा पुल्लिंगीही होते. फाका म्हणजे सुरी, फाकाँउ म्हणजे कोयता. काझा म्हणजे घर, काझाराँउ म्हणजे वाडा. आपल्या सुरी-सुरा, डबी-डबा यांसारखंच. म्हणून ‘मुल्येराँउ’ ही रुबाबदार बाईची तारीफ असली तरी शब्द पुल्लिंगीच राहतो.

क्रियापदाला लागला की तोच प्रत्यय माणसाची खोड सांगतो आणि लिंग माणसाप्रमाणे बदलतं. शोरार (रडणे) वरून रडका तो शोराँउ, रडकी ती शोरोना. विशेषणांचंही तसंच: बोनितु (देखणा) वरून बोनिताँउ, बोनितोना.

‘-ईन्यु’ हा ‘लहान’ दाखवणारा प्रत्यय. तो लावताना शेवटचा आघातहीन (जोर न पडणारा) स्वर गळतो: लीव्रु (पुस्तक), लीव्रीन्यु. शेवटी आघात किंवा अनुनासिक असेल तर मध्ये ‘झ’ येतो: काफे (कॉफी) वरून काफेझीन्यु, पाँउ वरून पाँउझीन्यु (हा पाँउ म्हणजे आपला पावच). खरी गडबड अनेकवचनात होते. आधी मूळ शब्दाचं अनेकवचन करा, पाँइस. मग ‘स’ काढून प्रत्यय लावा, पाँइझीन्युस.

अर्थ मात्र नुसता ‘लहान’ नसतो. आगोरा म्हणजे आता, आगोरीन्या म्हणजे अगदी आत्ता. माणसांत फरक करायलाही हे प्रत्यय कामी येतात: १९९४च्या फुटबॉल विश्वचषकात ब्राझीलच्या संघात थोरला रोनाल्दाँउ होता, म्हणून १७ वर्षांचा रोनाल्दो ‘रोनाल्दीन्यु’ झाला. पण कुणाच्या कामाला (त्राबाल्यु) ‘त्राबाल्यीन्यु’ म्हणू नका, ते हिणवल्यासारखं वाटतं. कौतुकच करायचं तर ‘-आसु’ घ्या: अप्रतिम गोल म्हणजे गोलासु.

रूढ झालेले शब्द मात्र पाठच करावे लागतात. कामीझा म्हणजे शर्ट, पण ब्राझीलमध्ये कामीझीन्या म्हणजे कंडोम. काइशा म्हणजे खोका, काइशाँउ म्हणजे शवपेटी. दुकानात मोठा खोका हवा असेल तर सरळ ‘काइशा ग्रांजी’ मागा.