पाटी वाचून हसणारी माणसं

प्रिय ईशान,

तू विचारलंस, "आई, आपली मराठी मंडळी रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचून तिच्यावर कोटी का करतात? आणि सरकारी स्पेलिंग चुकलं की तुम्ही सगळे हसता, मग मी आजीच्या इंग्रजी मेसेजला हसलो तर रागावलीस का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. फोनवर घाईघाईत सांगण्यासारखे नाहीत, म्हणून लिहिते आहे.

कोटीची गोडी आपल्याला शाळेतच लागते. व्याकरणाच्या पुस्तकात श्लेष अलंकार असतो आणि त्याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे 'मित्राच्या उदयाने कोणास आनंद होत नाही?' मित्र म्हणजे दोस्त आणि मित्र म्हणजे सूर्यही. असे दोन अर्थ एकदा कानाला लागले की माणूस ते जिथे तिथे हुडकत राहतो. त्यात आपल्याकडे सरकारही यमकात बोलतं. 'अति घाई, संकटात नेई', 'मनाचा ब्रेक, उत्तम ब्रेक' अशा पाट्या एसटीच्या खिडकीतून दिसल्या की आम्ही भावंडं त्या चालीवर म्हणायचो.

म्हणून 2022 साली न्यू जर्सीच्या हायवेवरचे इलेक्ट्रॉनिक फलक कोट्या करू लागले तेव्हा मला फार आपलंसं वाटलं. 'नाइस कार, डिड इट कम विथ अ टर्न सिग्नल?' असं चक्क परिवहन खातं विचारत होतं! 'गेट युअर हेड आउट ऑफ युअर ॲप्स' ही तर अस्सल कोटी, 'ॲस' ही शिवी ओठांवर आणून गिळलेली. थोड्याच दिवसांत फेडरल हायवे ॲडमिनिस्ट्रेशनने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय महामार्ग खात्याने, ते थांबवायला लावलं. 2023 च्या डिसेंबरमध्ये निघालेल्या त्यांच्या नव्या नियमपुस्तकातही फलकांवर विनोद टाळा असंच सांगितलं आहे. मला वाईट वाटलं, पण त्यांचं म्हणणं पटतं. कोटी कळायला क्षणभर थांबावं लागतं आणि ताशी 65 मैलांच्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ शंभर फूट पुढे गेलेली असते. आपल्या घाटातली पाटी मात्र वर्षानुवर्षं तीच असते, ड्रायव्हरला ती पाठ असते.

तुझ्या बॉस्टनमध्ये तर 2014 साली मॅसॅच्युसेट्सच्या परिवहन खात्याने 'यूज युअर ब्लिंकर'ऐवजी 'यूज या ब्लिंका' असं मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहिलं होतं. तिथली माणसं शब्दातला 'र' खातात, तसाच तो फलकानेही खाल्ला. लेन बदलताना सिग्नल द्या, एवढंच सांगायचं होतं, पण ते गावच्या बोलीत सांगितलं. त्याला चूक म्हणायचं नाही, ती कोटीच.

खरी चूक बघायची तर मेलबर्नच्या मामाने दाखवलेली ऑस्ट्रेलियाची 50 डॉलरची नोट. भिंगाखाली धरली होती, आठवतं? एडिथ कोवनच्या चित्रामागे हिरवळ आहे असं वाटतं, पण ती असते अक्षरांची रांग. 1921 मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या विधिमंडळावर निवडून आलेल्या, त्या देशातल्या पहिल्या स्त्री प्रतिनिधीचं पहिलं भाषण. इथे एकटीच बाई असणं ही मोठी जबाबदारी आहे, असं ती म्हणते. त्या 'रिस्पॉन्सिबिलिटी'मधला शेवटचा 'आय' छापायचा राहिला, आणि तोही एकदा नव्हे, तीनदा. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये निघालेल्या नोटेतली ही चूक गाजली 2019 च्या मे महिन्यात. तोवर 4 कोटी 60 लाख नोटा चलनात आल्या होत्या. (ह्या कोटींवर तुझे काका काय कोटी करतील ते तूच ओळख.) रिझर्व्ह बँकेने चूक कबूल केली, पुढच्या छपाईत सुधारू म्हणाली, आणि जुन्या नोटा चालूच राहिल्या.

ब्रुकलिनला जाताना आपण जो पूल ओलांडतो त्याचंही तसंच. 1524 मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात आलेल्या व्हेराझानो ह्या इटालियन दर्यावर्दीच्या नावात दोन 'झेड', पण 1964 साली त्याच्या नावाचा पूल उघडला तो एकाच 'झेड'चा. दुसरा मिळायला 2018 उजाडलं, आणि त्यासाठी कायदा करावा लागला.

आता आजी. सरकार, बँक, खातं ह्यांच्याकडे तपासायला माणसं असतात, पगारी असतात. त्यांच्या चुकीला हसलं तर कोणाचा जीव लहान होत नाही. आजी मराठी शाळेत शिकली. आपली लिपी बरीचशी उच्चाराप्रमाणे चालते, म्हणून ती इंग्रजीही कानाने लिहिते, आणि लिहिते ती केवळ तुला मराठी वाचायला वेळ लागतो म्हणून. तुझ्यासाठी ती परक्या भाषेत दहा ओळी टाइप करते. त्याला हसलास म्हणून मी रागावले आणि पुन्हा हसलास तर पुन्हा रागावेन. तिच्यासमोर महाराष्ट्र दिनाच्या फ्लेक्सवर कोणी 'दीन' लिहू दे, आजी पुढाऱ्याचीही गय करत नाही. 'दीन' म्हणजे गरीब बिचारा, हे तिला नेमकं ठाऊक आहे.

सगळ्याच चुका हसण्यावारी नेण्यासारख्या नसतात. 2009 मध्ये ब्रिटनच्या कंपनी नोंदणी कार्यालयाने टेलर अँड सन नावाची कंपनी बंद करण्याचा कोर्टाचा आदेश नोंदवताना एक 'एस' जास्त धरला. नोंद झाली कार्डिफच्या टेलर अँड सन्सच्या नावावर. ही शंभर वर्षांहून जुनी, व्यवस्थित चाललेली कंपनी. बुडाली अशी हाकाटी झाली, माल देणाऱ्यांनी उधारी थांबवली, आणि ती खरंच बुडाली. अडीचशेच्या आसपास माणसांच्या नोकऱ्या गेल्या. 2015 मध्ये हायकोर्टाने त्या कार्यालयाला जबाबदार धरलं, पण कंपनी काही परत उभी राहिली नाही.

म्हणूनच तू पाठवलेल्या विम्याच्या कार्डाचा फोटो बघून मी अस्वस्थ आहे. तुझ्या नावात 'ए' दोन आहेत, कार्डावर एकच आहे. 'कळतंय की' म्हणून सोडून देऊ नकोस. उद्याच ऑफिसात जा, पासपोर्टची प्रत बरोबर ने, आणि नवं कार्ड कधी येणार ते लेखी घे.

तुझी,
आई