लैंगिक वर्तनावरच्या संशोधनात ‘तुमचं नाव कुठेही येणार नाही’ एवढं आश्वासन पुरेसं आहे का?

नाही. नाव न छापणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे, आणि संशोधक त्याचाच जास्त गवगवा करतात.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ लॉड हम्फ्रीज यांचं प्रकरण बघा. 1960 च्या दशकात सेंट लुईसमध्ये पीएचडी करताना ते सार्वजनिक स्वच्छतागृहांत पुरुषांमधले लैंगिक संबंध पाहत होते. कुणी येतंय का यावर लक्ष ठेवणारा माणूस म्हणून ते तिथे उभे राहत. त्या काळी तिथे हे संबंध गुन्हा होते. पण खरा प्रश्न पुढचा आहे. त्यांनी त्या पुरुषांच्या गाड्यांचे नंबर टिपले, पोलिसांतल्या ओळखीतून नावं-पत्ते मिळवले आणि साधारण वर्षभराने केस, कपडे, गाडी बदलून, आरोग्य सर्वेक्षण असल्याचं सांगत त्यांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या. निम्म्याहून जास्त पुरुष विवाहित होते. बायको शेजारच्या खोलीत असेल, आणि समोर बसलेल्या संशोधकाला आपण कोण आहोत हे ठाऊक आहे याची त्या पुरुषांना कल्पनाच नव्हती.

1970 साली या अभ्यासाचं पुस्तक आलं, त्याला समाजशास्त्रातला सी. राइट मिल्स पुरस्कार मिळाला. नावं फुटली नाहीत. म्हणून आजही अभ्यासक ऐकवतात की कुणाचं नुकसान झालं नाही, उलट समलिंगी पुरुषांविषयीचे गैरसमज कमी झाले. हे मला मुळीच पटत नाही. ती यादी कुणाच्या हाती लागली असती तर नोकरी, संसार आणि कदाचित स्वातंत्र्य त्या पुरुषांचं गेलं असतं, संशोधकाचं नव्हे. ती जोखीम घ्यायची की नाही, हे त्यांना कुणी विचारलंच नाही. निष्कर्ष चांगले निघाले म्हणून न विचारल्याचा दोष धुऊन निघत नाही.

त्याच्या कितीतरी आधी लैंगिक वर्तनाचे अमेरिकी संशोधक आल्फ्रेड किन्सी यांच्या मुलाखतकारांनी उत्तरं सांकेतिक खुणांमध्ये लिहायची पद्धत ठेवली होती, आणि त्या खुणांचा अर्थ मोजक्या लोकांनी पाठ केलेला असे. म्हणजे गुप्तता कशी राखायची हे माहीत नव्हतं, असंही म्हणता येत नाही.

आता अशा अभ्यासात सहभागी होण्याआधी तुम्ही काय विचारायचं ते. उत्तरांवर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक टाकतात. मग नाव आणि तो क्रमांक जोडणारी यादी कुठे ठेवतात, ती कोण उघडू शकतं, कधी नष्ट करतात? यादी उत्तरांच्याच फोल्डरमध्ये असेल तर क्रमांक देण्याला अर्थ नाही. वय, व्यवसाय आणि गाव एकत्र छापलं तर छोट्या गावातली एकमेव परिचारिका नावाशिवायही ओळखू येते. जोडप्यांच्या अभ्यासात तर स्वतःचं उत्तर ओळखणाऱ्याला जोडीदाराचंही आपोआप कळतं, त्यामुळे दोघांची उत्तरं शेजारीशेजारी उद्धृत करू नयेत. ऑनलाइन प्रश्नावली असेल तर आयपी पत्ता (तुमच्या इंटरनेट जोडणीचा ओळखक्रमांक) नोंदवणं बंद केलंय का ते विचारा. आठवण करून देणारा मेसेज फोनच्या पडद्यावर उघडा दिसतो, त्यात अभ्यासाचा विषय नको.

प्रयोगशाळेत शारीरिक प्रतिसाद मोजणार असतील तर उपकरण तुम्ही स्वतः, एकांतात लावायचं, दाराला आतून कडी हवी आणि कर्मचाऱ्यांशी बोलायला इंटरकॉम. शरीरात घालायचं उपकरण दर वापरानंतर उच्च दर्जाच्या निर्जंतुकीकरणातून जायला हवं, नुसतं स्पिरिटने पुसून चालत नाही.

मध्येच उठून गेलात तर मोबदला पूर्ण बुडतो की तोवरच्या वेळेपुरता मिळतो? तो बुडत असेल तर माघार घेण्याची मोकळीक कागदावरच राहते. माहिती परत घेण्याची शेवटची मुदतही विचारा, कारण यादी नष्ट झाल्यावर तुमची उत्तरं शोधून काढता येत नाहीत. संशोधक तुमचे शिक्षक असतील आणि सहभागाचे गुण मिळणार असतील, तर तेवढ्याच कष्टाचं दुसरं काम पर्याय म्हणून हवं, आणि संमतिपत्रावर सही घेणारी व्यक्ती वेगळी हवी. काही देशांत मुलांवरील अत्याचाराची माहिती कळल्यास ती कळवणं संशोधकाला बंधनकारक असतं. ही मर्यादा पहिल्या प्रश्नाआधी सांगितली पाहिजे, तुम्ही बोलून गेल्यावर नव्हे.

एवढं वाचून घाबरू नका. लैंगिक विषयावरचे प्रश्न विचारल्याने बहुतेकांना मोठा मानसिक त्रास होत नाही, असं अभ्यासांत दिसलंय. संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिट्या कधीकधी उगाच धास्ती घेतात. शिवाय अशा संशोधनाला मोकळेपणाने बोलणारे, जास्त अनुभव असलेले लोकच अधिक येतात आणि आकडे त्यांच्याकडे झुकतात. त्यामुळे तुमच्यासारखं विचारपूस करून येणारं माणूस तिथे हवंच आहे, फक्त वरच्या प्रश्नांची उत्तरं सही करण्याआधी लेखी घ्या.