'थर', 'पदर' आणि 'पापुद्रा' यांत फरक काय? पोळीसाठी कोणता शब्द बरोबर?

पोळीला पदरच. या शब्दावरून माझं एकदा वाजलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाला मी चिरोट्यांची कृती दिली होती, आईने शिकवली तशी. तीन पातळ पोळ्या लाटायच्या, प्रत्येकीवर तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा लावायचा, एकीवर एक ठेवून घट्ट वळकटी करायची, तुकडे कापायचे आणि कापलेली बाजू वर ठेवून हलक्या हाताने लाटायचे. मंद आचेवर तळताना झाऱ्याने वरून तूप सोडत राहिलं की एकेक पदर सुटत जातो. 'पदर सुटले पाहिजेत' हे माझं वाक्य छापून आलं ते 'थर वेगळे झाले पाहिजेत' असं! फोन केला तर संपादक म्हणाले, "अहो ताई, पदर म्हटलं की वाचकांना साडीच आठवते." तेव्हा मी गप्प बसले, ते अजून सलतं. कारण त्याच अंकातल्या प्रवासवर्णनात 'चौपदरी रस्ता' तसाच ठेवला होता.

थर बाहेरून चढतो, साचतो. दहीहंडीचे थर, सह्याद्रीतले लाव्ह्याचे थर, बिर्याणीतला भाताचा थर. पदर वस्तूच्या अंगचाच असतो, घडीतून किंवा पिळातून आलेला. म्हणून दोरी तिपदरी, माळ पाचपदरी. घडीच्या पोळीत तेलाचं बोट फिरवून घडी घालतो, ती तव्यावर फुगली की पदर सुटतात. 'पोळीला थर सुटले' असं मोठ्याने म्हणून बघा, जिभेलाच पटत नाही. चिरोट्याच्या तीन पोळ्या एकमेकींवर ठेवल्या तेव्हा ते थर होते, हे मान्य. पण वळकटी होऊन तुपात उमलतात ते पदर, आणि माझं वाक्य तळण्याबद्दलच होतं.

पापुद्रा त्याहून पातळ, बोटांनी सोलून निघणारा. भाकरीला पापुद्रा, पोळीला पदर. खारीला पापुद्रे म्हणणारेही पुष्कळ आहेत, ते काही चूक नाही. 'स्तर' मात्र ओझोनला आणि समाजाला ठीक, स्वयंपाकघरात नको.

तुम्ही कुठे छापायला देणार असाल तर वरच लिहा, 'विचारल्याशिवाय शब्द बदलू नये'. मी आता प्रत्येक कृतीवर लिहिते.